नवरी जाड, नवरदेव लंबुळका: व्हिडिओतलं माप नेमकं कुठे बिघडतं?

लग्नाचा व्हिडिओ घरी आला की त्याचा निकाल ड्रोनच्या शॉटवर लागत नाही, गाण्यांवरही लागत नाही. नवरीची आत्या टीव्हीसमोर बसते, दोन मिनिटं बघते आणि म्हणते, "अगं बाई, ही किती जाड दिसायली!" मग मिक्सिंगवाल्याला फोन जातो. तो सांगतो, "कॅमेऱ्यात माणूस थोडा जाड दिसतोच, ताई." हे उत्तर बहुतेक वेळा खोटं असतं. कॅमेऱ्यानं नवरीला जाड केलेलं नसतं. कॅमेरा आणि टीव्ही यांच्या मधे कुठेतरी कुणीतरी चित्र आडवं ताणलेलं असतं.

जालना शहरातले स्टुडिओ असोत, भोकरदन-परतूरचे लग्नाचे शूटिंगवाले असोत, की मंठ्याच्या एखाद्या वस्तीवर बसून मोबाइलवर वाढदिवसाचे स्टेटस बनवणारी पोरं असोत, हा बिघाड सगळ्यांकडे होतो आणि सगळे तो चुकीच्या जागी शोधतात. सॉफ्टवेअर काढून परत टाकतात, नवीन इफेक्ट लावून बघतात, शेवटी क्लिपची रुंदी अंदाजानं कमी करून टाकतात. त्यानं ती एक क्लिप बरी दिसते आणि पुढच्या चाळीस बिघडतात.

चित्राचं माप चारच ठिकाणी बिघडू शकतं: मूळ फाइल वाचताना, टाइमलाइनवर बसवताना, एक्स्पोर्ट करताना आणि पडद्यावर दाखवताना. पहिलं काम बिघाड दुरुस्त करण्याचं नाही, यातलं ठिकाण ओळखण्याचं आहे. त्यासाठी एक गोल पुरतो.

हजार बाय हजार पिक्सेलचं चौरस चित्र बनवा, त्यात काठोकाठ टेकणारं वर्तुळ काढा, पीएनजी म्हणून जपून ठेवा. प्रत्येक नव्या प्रोजेक्टच्या सुरुवातीला ते पाच सेकंद टाइमलाइनवर टाका आणि मॉनिटरवर चक्क पट्टी लावून आडवं-उभं मोजा. तिथे गोल गोलच आहे पण माणसं जाड आहेत, तर सॉफ्टवेअर ती क्लिप चुकीची वाचतंय, किंवा क्लिप बसवताना ताणली गेली आहे. टाइमलाइनवर गोल आहे आणि एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये अंडाकृती झाला, तर दोष एक्स्पोर्टच्या मापात आहे. फाइल कॉम्प्युटरवर ठीक चालते आणि टीव्हीवर किंवा एलईडी वॉलवर गोल चपटा होतो, तर दोष दाखवण्यात आहे, तुमच्या मूळ प्रोजेक्टला हात लावायची गरजच नाही.

चेहऱ्यावरून मात्र माप काढू नका. दहा मिनिटं ताणलेलं चित्र बघितलं की डोळ्याला तेच बरोबर वाटायला लागतं, म्हणून तर रात्रभर काम करणाऱ्या मिक्सिंगवाल्याला जे दिसत नाही ते आत्याला दोन मिनिटांत दिसतं. क्लिपमध्येच एखादी गोल वस्तू शोधा: समोरून दिसणारं तबल्याचं तोंड, बाजूनं दिसणारं गाडीचं चाक. जमिनीवर ठेवलेलं ओवाळणीचं ताट चालणार नाही, कारण तिरक्या कोनातून ते अंडाकृती दिसणारच.

फाइल चुकीची वाचली जाते तेव्हा

आपण समजतो की पिक्सेल म्हणजे चौकोनी ठिपका. नेहमी तसं नसतं. टेपवर एचडीव्ही शूट करणाऱ्या कॅमेऱ्यांत, जे आपल्याकडे लग्नांत बरीच वर्षं चालले, फाइल १४४० बाय १०८० अशी तयार व्हायची, पण ती दाखवायची १९२० बाय १०८० मध्ये. म्हणजे प्रत्येक पिक्सेल उंचीच्या १.३३ पट रुंद धरायचा. सॉफ्टवेअरनं तो चौरस धरला की माणसाची रुंदी पाऊण होते. नवरदेव लंबुळका दिसतो तो असा.

ही युक्ती नवी नाही. सिनेमास्कोपचं भिंग चित्र आडवं निम्मं दाबून फिल्मवर उतरवायचं आणि थिएटरातलं भिंग ते परत दुप्पट पसरवायचं. 'कागज के फूल' हा १९५९ चा चित्रपट भारतातला पहिला सिनेमास्कोप मानला जातो. प्रोजेक्टरवर ते पसरवणारं भिंग लावायचं राहिलं तर पडद्यावर सगळेच काटकुळे. आज भिंगाऐवजी फाइलमधली एक नोंद ते काम करते, आणि ती नोंद हरवली किंवा सॉफ्टवेअरनं वाचली नाही की तोच प्रकार होतो.

इलाज क्लिपची रुंदी ओढण्याचा नाही, नोंद दुरुस्त करण्याचा आहे. प्रीमिअरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून 'मॉडिफाय', मग 'इंटरप्रिट फुटेज', आणि तिथे पिक्सेल आस्पेक्ट रेशो. दाविंची रिझॉल्व्हमध्ये 'क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स'. एडियसमध्ये बिनमधल्या क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये. दुरुस्ती बिनमध्ये केली की ती क्लिप टाइमलाइनवर जिथे जिथे टाकाल तिथे सरळ येते. सगळ्या क्लिपा एकदम निवडून एकाच झटक्यात करता येते, हा खरा फायदा.

जुन्या कॅसेटी डिजिटल करून आणणाऱ्यांची संख्या आता वाढतेय. आई-वडिलांच्या लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झाली की पोरं कपाटातली व्हीएचएस बाहेर काढतात. तिचं कॅप्चर साधारण ७२० बाय ५७६ मध्ये येतं आणि ते ४:३ मध्येच दाखवायचं असतं. ते १६:९ मध्ये पूर्ण पसरवलं की रुंदी तेहतीस टक्के वाढते. आजोबा पहिलवान दिसायला लागतात. उलट पिक्सेल चौरस धरले तर सगळे किंचित बारीक होतात, तेही नको. पिक्सेल आस्पेक्ट पॅल ४:३ ठेवा आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. त्या पट्ट्यांची लाज वाटून मागे त्याच चित्राची धूसर, मोठी प्रत टाकायची फॅशन आहे. मोबाइल स्टेटसला ती खपते. आजी-आजोबांच्या लग्नाच्या पाऊण तासाच्या कॅसेटला ती लावली की डोळे कडेच्या हालचालीकडे जातात आणि मधल्या माणसांकडे लक्षच राहत नाही. मी तरी काळ्या पट्ट्यांच्याच बाजूचा.

या कॅसेटींत आणखी एक अडचण असते. त्यांचं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या-अर्ध्या ओळींच्या तुकड्यांत साठवलेलं असतं. कॉम्प्युटरवर हात हलला की कडेला आडव्या दातेरी रेघा दिसतात. इथे क्रम महत्त्वाचा: आधी डीइंटरलेस, म्हणजे त्या तुकड्यांची पूर्ण चित्रं करणं, नंतर आकार मोठा करणं. उलट केलंत तर त्या रेघा जाड होऊन चित्रात कायमच्या मुरतात, मग कुठलाही फिल्टर त्यांना काढत नाही. आणि कॅप्चर केलेली मूळ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. कॅसेटला बुरशी लागलेली असेल तर ती दुसऱ्यांदा चालेलच असं नाही.

टाइमलाइनवर बसवताना

क्लिप टाइमलाइनच्या मापाची नसेल तर सॉफ्टवेअरपुढे तीनच पर्याय असतात: पूर्ण चित्र मावेल असं बसवायचं आणि उरलेली जागा काळी ठेवायची, जागा पूर्ण भरायची आणि बाहेर गेलेलं कापायचं, किंवा ताणायचं. तिसरा पर्याय माणसांच्या चित्रासाठी कधीच नाही. रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये 'इमेज स्केलिंग'खाली हे पर्याय शब्दांत लिहिलेले असतात. 'स्ट्रेच फ्रेम टू ऑल कॉर्नर्स' चुकून निवडला गेला असेल तर एकेक क्लिप दुरुस्त करत बसू नका, ती एक ओळ बदला. प्रीमिअरमध्ये मोशनखाली 'युनिफॉर्म स्केल'ची खूण निघालेली आहे का ते बघा. ती निघाली की उंची आणि रुंदी वेगवेगळ्या सरकतात.

प्रीमिअरमध्येच दोन सारख्या नावांच्या आज्ञा आहेत, त्यांत बरेच जण फसतात. 'स्केल टू फ्रेम साइझ' क्लिपला टाइमलाइनच्या मापावर आणून ठेवते. नंतर तुम्ही झूम केलं की चित्र फुटतं, कारण मूळ ४के किंवा मोठ्या फोटोचे जास्तीचे पिक्सेल आता वापरात नसतात. 'सेट टू फ्रेम साइझ' फक्त स्केलचा आकडा बदलते, मूळ पिक्सेल शाबूत राहतात. फोटोंवर हळूहळू झूम करायचं असेल तर दुसरीच वापरा.

फोटोंचा हिशेब वेगळा. चांगल्या कॅमेऱ्याचा फोटो ३:२, मोबाइलचा बहुधा ४:३. तो १६:९ च्या चौकटीत पूर्ण भरला तर ३:२ फोटोची सुमारे १६ टक्के उंची जाते, ४:३ फोटोची २५ टक्के. सॉफ्टवेअर ती वरून-खालून सारखी कापतं, पण फोटोत वर फेटे असतात आणि खाली सतरंजी. म्हणून भरून झाल्यावर चित्र खाली सरकवा, फेटा वाचवा, सतरंजी जाऊ द्या. श्रद्धांजलीच्या व्हिडिओत तर हे विसरूच नका. दिवंगत माणसाचं कपाळ कापलेलं घरच्यांना सहन होत नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

'सिनेमॅटिक' म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या टाकण्याचा सोस हाही याच प्रकरणातला. २.३९:१ च्या पट्ट्या टाकल्या की १०८० ओळींतल्या सुमारे ८०० उरतात, वर-खाली सुमारे १३८ ओळी झाकल्या जातात. शूटिंगच्या वेळी ती जागा सोडली नसेल तर मुंडावळ्या पट्टीखाली जाणार. पट्ट्या हव्या असतील तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तशा रेषा लावूनच शूट करा. नंतर यूट्यूबवर टाकताना त्या चित्रातच भाजलेल्या असल्या आणि मोबाइलचा आकार निराळा असला, तर चारही बाजूंनी काळं होऊन मधे पोस्टाच्या तिकिटाएवढा विवाह दिसतो. फाइल थेट तिच्या खऱ्या मापात, म्हणजे १९२० बाय ८०४ मध्ये एक्स्पोर्ट केली तर प्लेअर आपल्या पट्ट्या आपण टाकतो.

रीलसाठी आडव्यातून उभं काढताना गणित आणखी निष्ठुर आहे. १९२० बाय १०८० च्या चित्रातून ९:१६ चा उभा तुकडा काढला की रुंदी उरते ६०८ पिक्सेल, मूळ रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तो १०८० पर्यंत फुगवला की चेहरे मऊ पडतात. ४के मध्ये शूट केलं असेल तर तोच तुकडा १२१५ बाय २१६० चा निघतो आणि रीलला पुरून उरतो. जांब समर्थच्या रामनवमीचं किंवा गावच्या सप्ताहाचं कीर्तन उभं कापायचं असेल तर आणखी एक भान हवं: कीर्तनकार मधे राहतात, टाळकरी दोन्हीकडून जातात. रंग टाळकऱ्यांच्या रांगेमुळे भरतो. अशा वेळी आडवं चित्र पूर्ण ठेवून वर-खालच्या मोकळ्या जागेत गावाचं नाव, तारीख, अभंगाचा विषय लिहिलेला बरा.

एलईडी वॉल

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त माणसं इथे ताणली जातात. मंगल कार्यालय असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम, स्टेजमागे वॉल लागते. ठरवताना बोलणं फुटांत होतं: "बारा बाय आठची लावा." व्हिडिओ मात्र १६:९ चा बनवून नेला जातो. बारा बाय आठ म्हणजे ३:२, म्हणजे १.५. आपला व्हिडिओ १.७८. वॉलवाल्यानं जागा पूर्ण भरली की माणूस रुंदीच्या मानानं साडेअठरा टक्के उंच होतो. दहा बाय आठवर तोच आकडा बेचाळीस टक्के. उलट वीस बाय आठची लांबलचक वॉल असली तर सगळे चाळीस टक्के जाड.

तेव्हा ऑपरेटरला फूट विचारू नका, पिक्सेल विचारा. वॉल कॅबिनेट जोडून बनते आणि कॅबिनेट फुटांत बनत नाहीत. ५०० मिलिमीटरचं, ३.९१ पिचचं (म्हणजे दोन पिक्सेलमध्ये ३.९१ मिलिमीटर अंतर असलेलं) कॅबिनेट असेल तर त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. अशी सात आडवी आणि पाच उभी लावली की ८९६ बाय ६४० ची वॉल झाली, रेशो १.४. सगळे तिला "बारा बाय आठ"च म्हणतील, पण तुमचं गणित १.५ वर केलेलं असेल तर ते चुकलं. पिक्सेल कळले की त्याच रेशोचा वेगळा सिक्वेन्स करा. १.४ साठी १५१२ बाय १०८०, खऱ्या ३:२ साठी १६२० बाय १०८०, २:१ च्या वॉलसाठी १९२० बाय ९६०. मूळ प्रोजेक्टची प्रत काढा, ती या सिक्वेन्समध्ये टाका, क्लिपा भरून घ्या आणि फ्रेम सरकवून घ्या. नावं, तारखा, पाहुण्यांच्या पट्ट्या कडेपासून थोड्या आत घ्या, कारण स्टेजवरचे हार आणि कमानीची फुलं वॉलचा कडेचा भाग झाकतात.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तुमचं ते गोल चित्र पेनड्राइव्हमध्ये टाकून न्या आणि वॉल उभी राहिली की पहिल्यांदा तेच लावायला सांगा. प्रोसेसरवर स्केलिंग बदलणं ऑपरेटरला दोन मिनिटांचं काम असतं, पण आमदारसाहेब स्टेजवर आल्यावर तो हात लावत नाही.

वॉलचं शूटिंग करताना चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात, त्याचं मूळ मात्र मापात नाही. ते शटर आणि वॉलच्या रिफ्रेशचं भांडण आहे. हॉलमधल्या दिव्यांचंही तेच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. २५ फ्रेमवर शूट करताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. १/१२० ठेवलंत की मिणमिण आत आलीच. ती आलीच असेल तर त्याच क्लिपची प्रत वर ठेवून एक फ्रेम पुढे सरकवा आणि तिची ओपॅसिटी पन्नास टक्के करा. मिणमिण बरीच दबते. हलणाऱ्या हातांना सावली येते, ती सोसावी लागते.

इफेक्ट बिघडतात ते कशामुळे

आता माप सोडून इफेक्टकडे वळू. पहिला मान हिरव्या पडद्याचा. आपल्या नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो. हिरव्या पडद्यासमोर तिला उभी केली आणि तो हिरवा रंग काढणारी क्रोमा की लावली, की मनगटं गायब, पंजे अधांतरी. हळदीची साडी असली तर तीही अर्धवट विरते, कारण पिवळ्या रंगात हिरव्याचा मोठा वाटा असतो. यावर सॉफ्टवेअरमध्ये चांगला उपाय नाही. मनगटाभोवती मास्क करून त्याचा माग काढत बसता येतं, पण चुडा हलतो, किणकिणतो, मास्क सुटतो. निळं कापड लावा. भीमजयंतीच्या व्हिडिओसाठी नेमकं उलट करा: निळे फेटे, निळे झेंडे असतात, तिथे हिरवंच कापड हवं. शिवजयंतीच्या भगव्याला दोन्ही चालतात. म्हणजे स्टुडिओत दोन्ही कापडं हवीत, आणि शूटच्या आदल्या दिवशी "काय घालणार?" एवढा एक फोन हवा.

कडा दातेरी दिसत असतील तर त्याचं कारण बहुतेक कॅमेऱ्याच्या रंग साठवण्यात असतं. मोबाइल आणि साधे कॅमेरे दर चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतात. उजेडाची कड तीक्ष्ण, रंगाची कड बोथट, आणि की तर रंगावर चालते. ४के मध्ये शूट करून १०८० च्या टाइमलाइनवर घेतलं की हा दोष बराच झाकतो. बाकी जुनेच नियम: पडद्याला वेगळा, सारखा उजेड, माणूस पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे, म्हणजे हिरवी झाक खांद्यांवर पडत नाही.

मोबाइलवर बॅनर आणि स्टेटस बनवणाऱ्यांची तक्रार दुसरीच असते: "पीएनजी टाकला, तरी मागे चौकटी-चौकटी येताहेत." त्या करड्या-पांढऱ्या चौकटी पारदर्शकता दाखवण्यासाठी असतात, पण गुगलवरून स्क्रीनशॉट मारून किंवा दिसलेलं लहान चित्र उतरवून घेतलं की त्या चित्रातच छापल्या जातात. पारदर्शकता उरतच नाही. मूळ फाइल उतरवा. आग, धूर, फुलांचा वर्षाव असे काळ्या पार्श्वभूमीचे व्हिडिओ मिळतात त्यांना पारदर्शकता नसते, त्यांचा ब्लेंड मोड 'स्क्रीन' करायचा असतो. या मोडमध्ये काळं नाहीसं होतं कारण तो फक्त उजेड मिळवतो. म्हणूनच भर दुपारच्या पांढऱ्या आकाशावर तीच फुलं दिसत नाहीत. इफेक्ट बिघडलेला नसतो, खाली काळोख नसतो.

चमक किंवा सावली क्लिपच्या कडेला सरळ रेषेत कापलेली दिसते, किंवा गोल मास्क लावला आणि क्लिप लहान करताच तोही सोबत लहान झाला, असं होत असेल तर क्रम तपासा. प्रीमिअरमध्ये तुम्ही लावलेले इफेक्ट आधी लागतात आणि मोशनखालचं स्केल नंतर. क्लिप 'नेस्ट' करा आणि इफेक्ट नेस्टवर लावा, किंवा वर अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका. वार्प स्टॅबिलायझर लावला की येणारी तक्रार, की क्लिपचं माप सिक्वेन्सशी जुळत नाही, तिलाही नेस्ट हाच उपाय आहे. स्पीड बदललेल्या क्लिपवर तो लागत नाही, तिथेही तसंच. वरातीच्या गर्दीत मात्र तो लावू नका. समोरून माणसं गेली की स्टॅबिलायझर त्यांनाच स्थिर धरतो आणि मागची कमान जेलीसारखी डुलते. लावायचाच तर पद्धत 'पोझिशन' एवढीच ठेवा.

स्लो मोशन २५ फ्रेमच्या क्लिपचं होत नाही, हे स्वीकारा. निम्मा वेग केला की प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते आणि चाल अडखळते. ऑप्टिकल फ्लो मधल्या फ्रेम कल्पनेनं रचतो. एकटी नवरी वळून बघते तिथे तो छान चालतो. अक्षता उडताना लावलात तर तांदळाचे दाणे हवेत वितळून धाग्यांसारखे ओघळतात, कारण कुठला दाणा पुढे कुठे गेला हे त्याला ओळखता येत नाही. अक्षता ५० फ्रेमवरच शूट करा. आणि मंगलाष्टकं एका कॅमेऱ्यावर, नवरीच्या भावाच्या मोबाइलवर दुसरा अँगल असेल, तर तो मोबाइल फ्रेमचा वेग मधेच कमी-जास्त करतो हे लक्षात ठेवा. त्यामुळे आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ती क्लिप आधी स्थिर २५ फ्रेमची करून घ्या. आयफोन १२ पासूनचे फोन बऱ्याचदा एचडीआरमध्ये शूट करतात, ते साध्या टाइमलाइनवर फटफटीत पांढरं दिसतं. शूटिंगआधी सेटिंगमध्ये एचडीआर बंद करायला सांगितलं की रंगांशी झगडा वाचतो.

मराठी नावं फुटत असतील, जोडाक्षरं सुटी होत असतील, तर प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा आणि युनिकोड फॉन्ट वापरा. नाव लांब आहे म्हणून फॉन्ट आडवा दाबू नका. दोन ओळी करा.

बियाण्याच्या गावातला टाइमलॅप्स

जालन्यात लग्नाखालोखाल व्हिडिओचं काम येतं ते बियाणं आणि कृषी सेवा केंद्रांकडून. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाण्याचा व्यवसाय या शहराची ओळख झाला. जाहिरातीत सगळ्यांना एकच शॉट हवा असतो: मातीतून कोंब वर येतोय. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ च्या सुमारास, नेमका हाच प्रयोग केला होता. वाटाण्याचं रोप कुंडीत उगवताना एकेक फ्रेम टिपून त्यांनी 'अंकुराची वाढ' तयार केली आणि भांडवल देणाऱ्याला पटवलं. त्यांचे अडथळे आणि आपले अडथळे सारखेच आहेत: कॅमेरा हलता कामा नये, उजेड बदलता कामा नये.

दर दहा मिनिटांना एक फोटो घेतला की दिवसाचे १४४ होतात. २५ फ्रेमच्या हिशेबानं ते पावणेसहा सेकंद चालतात. पाच दिवसांत कोंब नीट वर येतो, शॉट सुमारे २९ सेकंदांचा होतो, तो वेगवान करून सहा-सात सेकंदांत बसवता येतो. मोबाइलचा स्वतःचा टाइमलॅप्स मोड वापरू नका, तो उजेड दर क्षणी स्वतः ठरवतो आणि चित्र धडधडतं. प्रो मोडमध्ये एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. खिडकी जाड कापडानं झाका, एकच एलईडी दिवा सतत चालू ठेवा.

फोटो ४:३ चे निघणार आणि जाहिरात १६:९ मध्ये जाणार, म्हणजे पाव उंची कापली जाणार आहे. रोप तर वरच वाढणार. म्हणून पहिल्या दिवशी कोंब फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवा, आणि शेवटच्या दिवसाची उंची लक्षात घेऊन वर जागा सोडा. कुंडीच्या शेजारी तेवढ्याच उंचीची काडी रोवून आधी एक फोटो काढा, तो १६:९ मध्ये कापून बघा, मग काडी काढा. पाणी घालताना कुंडी हलवायची नाही, पिचकारीनं मातीच्या कडेलाच घालायचं. पाच दिवसांत लाइट एकदा तरी जाणारच हे धरून दिवा इन्व्हर्टरवर आणि मोबाइल पॉवर बँकेवर ठेवा, आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर कुणाचा तरी फोन येतो, मोबाइल थरथरतो आणि पुढच्या सगळ्या फ्रेम दोन मिलिमीटर बाजूला सरकतात.